'वंडरवॉल म्युझिक': फोर्टातल्या स्टुडिओत घडलेल्या तबकडीची कुळकथा

'वंडरवॉल म्युझिक' ही जॉर्ज हॅरिसनची लाँग प्ले तबकडी १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये विक्रीला आली. बीटल्सच्या चौघांपैकी एकाने स्वतःच्या एकट्याच्या नावावर काढलेली ही पहिली लाँग प्ले. बीटल्सनी नव्याने स्थापन केलेल्या ॲपल या कंपनीचीही ही पहिलीच लाँग प्ले. बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. 'वंडरवॉल म्युझिक'मध्ये एकोणीस रचना आहेत आणि रूढ अर्थाने गाणे म्हणावे असे त्यांत एकही नाही. काही रचना लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. उरलेल्या, आणि तबकडीचा खरा जीव ज्यांत आहे त्या, मुंबईच्या फोर्ट भागात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, सरोद, शहनाई, संतूर, सूरबहार, तबला आणि पखवाज वाजवणाऱ्या इथल्या वादकांनी वाजवल्या.

या तबकडीचे मूळ शोधताना तीन वर्षे मागे, १९६५ च्या वसंतात जावे लागते. 'हेल्प!' या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका भारतीय उपाहारगृहाचा प्रसंग होता. त्यासाठी काही भारतीय वादक सेटवर आले होते आणि तिथे हॅरिसनने सतार पहिल्यांदा हातात घेतली. पुढे लंडनच्या इंडियाक्राफ्ट नावाच्या दुकानातून त्याने एक साधी सतार विकत घेतली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात ती वाजली आणि डिसेंबरात 'रबर सोल' या तबकडीतून जगभर ऐकू गेली. वाजवणाऱ्याला तेव्हा सतार धरून नीट बसताही येत नव्हते. गिटारवर बसवलेली चाल सतारीच्या तारांवर काढलेली, एवढाच त्या प्रयोगाचा आवाका होता. पण त्याच सुमारास सतारीची तार तुटली, नवी तार हवी म्हणून लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेशी संपर्क झाला आणि तिथून पुढची सगळी माणसे जोडली गेली. आयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया ही संस्था चालवत. १९६६ च्या उन्हाळ्यात हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांची भेट झाली तीही याच घरोब्यातून.

संस्थेने पुढच्या दोन ध्वनिमुद्रणांना वादकही दिले. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजवला तो अनिल भागवत यांनी. बीटल्सच्या तबकडीच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचे नाव छापणे ही तेव्हा सहसा न घडणारी गोष्ट, पण 'रिव्हॉल्व्हर'च्या मागच्या बाजूला भागवतांचे नाव आहे. मराठी रसिकाने ते एकदा तरी डोळ्यांनी पाहावे. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मधल्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा, तानपुरा आणि तबला होता. दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी होते. हॅरिसन सोडला, तर बीटल्सपैकी कोणीही त्या गाण्यात नाही.

मुंबईशी थेट नाते जडले ते सप्टेंबर १९६६ मध्ये. हॅरिसन पत्नी पॅटीसह सतार शिकायला रविशंकरांकडे आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. ओळख लपवायची म्हणून मिशी राखली होती, तरी हॉटेलात ओळख पटलीच. रस्त्यावर गर्दी झाली, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि गुरुशिष्य श्रीनगरला जाऊन हाउसबोटीत राहिले. या मुक्कामात रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनी त्याच्या रियाजावर देखरेख केली. सतार हे आपले आयुष्यभराचे वाद्य होणार नाही, हे हॅरिसनच्या पुढे लक्षात आले. मात्र राग म्हणजे काय, आलाप कुठे संपतो आणि गत कुठे धरते, शहनाईवाल्याकडून काय मागावे आणि सरोदियाकडून काय, याची जाण त्याला आली. 'वंडरवॉल' उभी राहिली ती या जाणिवेवर. आधीच्या तीन गाण्यांत भारतीय वाद्ये गायनाच्या साथीला होती. इथे तो बाजूला झाला आणि वादकांना पुढे बसवले.

निमित्त एका चित्रपटाचे होते. जो मॅसॉट या दिग्दर्शकाचा 'वंडरवॉल' हा पहिला मोठा चित्रपट. एकलकोंडा, विसराळू प्राध्यापक कॉलिन्स भिंतीतल्या भोकातून शेजारी राहणाऱ्या मॉडेल मुलीचे रंगीबेरंगी जग पाहतो, एवढीच त्याची गोष्ट. प्राध्यापकाच्या भूमिकेत जॅक मॅकगोरन, मुलीच्या भूमिकेत जेन बर्किन. संवाद फार थोडे असल्यामुळे बोलायचे काम संगीताकडे आले. चित्रपटाचे संगीत हॅरिसनने कधी केले नव्हते. जे काही करशील ते मी वापरीन, असा शब्द मॅसॉटने दिला आणि त्याने काम घेतले. तो पडद्यावर प्रसंग पाही, घड्याळ लावून त्याची लांबी मोजी आणि टिपून ठेवी. मग तेवढ्याच लांबीची रचना स्टुडिओत करून घेई. नोव्हेंबर १९६७ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम सुरू झाले. तिथे लिव्हरपूलचा 'रेमो फोर' हा वाद्यवृंद होता आणि जॉन बारहॅम होता. बारहॅम पियानोवादक, रविशंकरांच्या सहवासात राहून भारतीय संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणारा. एरिक क्लॅप्टन आणि रिंगो स्टार हेही वाजवून गेले, पण वेष्टनावर त्यांची खरी नावे नाहीत.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईला आला. एचएमव्हीचा स्टुडिओ युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत होता. तिथे ध्वनिमुद्रणाचे यंत्र एकाच ट्रॅकचे, म्हणजे मोनो. लंडनमध्ये चार ट्रॅकवर काम करण्याची सवय असलेल्या माणसाला ते अपुरे पडणार हे उघड होते. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कोलकात्याहून आगगाडीने मुंबईला आणले. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे आणि नंतर ईएमआयच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले. यंत्र आले, तरी खोलीचे काय? बाहेरचा आवाज तिला पुरता अडवता येत नव्हता. खालच्या रस्त्यावरून टॅक्सी गेल्या की त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येई. साडेपाचला इमारतीतली कार्यालये सुटत आणि जिन्यावरून उतरणाऱ्या पायांच्या धडधडीमुळे काम बंद ठेवावे लागे. कान देऊन ऐकले तर यातले काही आवाज आजही तबकडीत सापडतात, असे हॅरिसनने स्वतः सांगितले आहे. ही उणीव मानण्याचे कारण नाही. बंदिस्त स्टुडिओतल्या पोकळ शांततेपेक्षा या तुकड्यांना एका खऱ्या जागेची हवा लागलेली आहे आणि ती ऐकू येते.

वादक जमवण्यात शंभू दास आणि एचएमव्हीचे विजय दुबे यांचा हात होता. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँ यांचे चिरंजीव आणि मैहर घराण्याचे नातवंड. तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र. संतूरवर शिवकुमार शर्मा. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर. वेष्टनावर मात्र नुसते 'चंद्रशेखर' छापले आहे. बासरीवर एस. आर. केंकरे. शहनाईला शरद कुमार आणि हनुमान जाधव, तारशहनाईला विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगाला रिजराम देसाड. नारिंग्रेकर, केंकरे ही कोकण-गोव्याकडची आडनावे एका बीटलच्या तबकडीशी जोडली गेली, ही गोष्ट महाराष्ट्रात जेवढी ठाऊक असायला हवी तेवढी ती नाही. यांतले अनेक जण मैफिलीत बसत तसेच चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालाही जात. प्रसंग एवढ्या सेकंदांचा, भाव असा, आणि तेवढ्यात स्वर लागला पाहिजे, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. मोजक्या दिवसांत एवढे काम उरकले याचे श्रेय हॅरिसनच्या घड्याळाइतकेच मुंबईच्या पार्श्वसंगीताच्या या तालमीला जाते.

तबकडी उघडते ती 'मायक्रोब्ज' या रचनेने. दोन शहनाया, संथ लय आणि कुठलीही घाई नाही. रॉक संगीताच्या चाहत्याने सुई ठेवली की पहिला स्वर शहनाईचा! आपल्याकडे शहनाई म्हटले की मंगलकार्याचा मांडव डोळ्यांपुढे येतो. इथे ती सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या एकट्या माणसाचे उदास जग उभे करते. 'इन द पार्क'मध्ये संतूर आणि सूरबहार एकमेकांवर थर चढवत जातात आणि खाली तबलातरंग असतो. वेगवेगळ्या स्वरांत लावलेले तबले अर्धगोलात मांडून त्यांवर सूर वाजवणे म्हणजे तबलातरंग. ठेका आणि सुरावट दोन्ही एकाच वादकाच्या हातांतून निघतात. 'टॅब्ला अँड पखवाज' हा जेमतेम मिनिटभराचा तुकडा फक्त चामड्याच्या वाद्यांचा आहे.

'क्राइंग'मधले वाद्य मुद्दाम ऐकावे. तारशहनाई म्हणजे इसराजच. फरक एवढा की तिच्या घोडीला ग्रामोफोनच्या साउंडबॉक्ससारखी पातळ पडदी आणि कर्णा जोडलेला असतो. गजाने तार घासली की कंप पडदीत जातो, कर्ण्यातून फुगून बाहेर येतो आणि तारेच्या आवाजाला फुंकीच्या वाद्याचा अनुनासिक कळवळा चढतो. मींड घेत स्वर खाली सरकला की माणूस रडतो आहे असेच वाटते. हिंदी चित्रपटांच्या करुण प्रसंगांत हे वाद्य वर्षानुवर्षे वापरले गेले. रडण्याच्या प्रसंगाला गाणारा गळा न घेता हॅरिसनने नेमके हेच वाद्य निवडले, यातच त्याने किती कान देऊन ऐकले होते ते कळते.

'लव्ह सीन' हा या तबकडीचा कळस मानायला हरकत नाही. आशिष खाँ यांनी आधी एक सरोद वाजवला, मग तोच ऐकत त्याला उत्तरे देणारा दुसरा सरोद त्यावर वाजवला. जुगलबंदी, पण दोन्ही बाजूंना वादक एकच. भारतीय मैफिलीत हे अशक्य आणि पाश्चात्त्य स्टुडिओत नेहमीचे. दोन परंपरांनी एकमेकींकडून काय घ्यावे याचा इतका स्वच्छ नमुना त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत क्वचितच सापडतो. सवाल येतो, जबाब येतो, मध्ये तबला तोल धरतो. कोलकात्याहून आलेले ते दोन ट्रॅकचे यंत्र सार्थकी लागले ते अशा ठिकाणी.

'गत किरवाणी' ही याच्या उलट टोकाची. कर्नाटक पद्धतीतून उत्तरेच्या वादकांनी आपलासा केलेला किरवाणी राग, द्रुत गत, सरोद-सतार-तबला, आणि दीड मिनिटाच्या आत सगळे आटोपलेले. तिच्या आधी लंडनमध्ये घडलेला 'स्कीइंग' हा क्लॅप्टनच्या खरखरीत गिटारचा तुकडा येतो. एवढ्या निरनिराळ्या शहरांतले दोन तुकडे शेजारी बसवले तरी धक्का बसत नाही, कारण दोन्हींत चाल एका आधारस्वराभोवती फिरते. लंडनमधल्या सगळ्याच रचना या तोडीच्या नाहीत. 'काउबॉय म्युझिक'सारखे काही तुकडे पडद्यापुरतेच आहेत. 'ड्रीम सीन' मात्र त्या काळाच्या पुढचा. फिती उलट्या फिरवून, एकमेकींवर चढवून केलेली ही तबकडीतली सर्वांत लांब रचना. बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन ९'च्या आधी ती तयार झाली होती. शेवटची रचना 'सिंगिंग ओम': बासरी, हार्मोनियम आणि ओंकार.

मुंबईच्या याच मुक्कामात आणखी एक रचना मुद्रित झाली आणि ती या तबकडीत न जाता बीटल्सकडे गेली. 'द इनर लाइट' हे तिचे नाव. केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी हॅरिसनला पत्र लिहून 'ताओ ते चिंग'मधल्या एका प्रकरणाला चाल लावण्याची सूचना केली होती. त्यावरून हे गाणे झाले. सरोद, पखवाज, हार्मोनियम आणि केंकरे यांच्या जोडीला हरिप्रसाद चौरसियांची बासरी, असा त्याचा वाद्यमेळ. हॅरिसनने फेब्रुवारीत लंडनला गळा दिला, शेवटच्या ओळींत लेनन आणि मॅकार्टनी यांनी साथ केली. १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते प्रसिद्ध झाले तेव्हा हॅरिसन आणि लेनन ऋषिकेशला होते. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर आलेले हॅरिसनचे हे पहिले गाणे, आणि भारतात वाद्यमेळ मुद्रित झालेले बीटल्सचे एकमेव गाणे.

चित्रपट मे १९६८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, पण फारसा चालला नाही. तबकडी मात्र त्याच्याविना टिकली. अमेरिकेत ती ४९ व्या क्रमांकापर्यंत पोचली, इंग्लंडच्या यादीत आली नाही. तिच्या वेष्टनावरचे चित्र बॉब गिल यांचे: लाल विटांच्या भिंतीच्या एका बाजूला काळ्या टोपीतला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला रंगीत जग. त्या बिचाऱ्याला काही आशा असावी म्हणून भिंतीतली एक वीट काढायला हॅरिसनने सांगितले आणि तसे केले गेले. ओॲसिस या इंग्लिश वाद्यवृंदाने १९९५ मध्ये गाजवलेल्या गाण्याचे नावही याच तबकडीवरून घेतलेले आहे.

कुळ इथे थांबले नाही. १९७४ मध्ये हॅरिसनच्या आधाराने रविशंकरांनी भारतीय वादकांचा मोठा मेळा युरोपात नेला. त्यात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि रिजराम देसाड हे १९६८ च्या जानेवारीत मेहता रस्त्यावर वाजवून गेलेले लोक होते.

ही तबकडी ऐकू इच्छिणाऱ्याने २०१४ ची सुधारित आवृत्ती घ्यावी; 'द इनर लाइट'चा गाण्याविना असलेला एक वेगळा टेकही तिच्या अखेरीस जोडला आहे. सुरुवात 'लव्ह सीन'पासून करावी, मग 'क्राइंग', मग पहिल्या शहनाईपासून सलग. आणि वादकांची नावे वाचल्याशिवाय ती बाजूला ठेवू नये.