तीन अटी आणि एक चौकट : कनू गांधींची सेवाग्रामची छायाचित्रे

मे महिन्याच्या दुपारी सेवाग्रामच्या बापूकुटीत शिरणाऱ्याला पहिले काही क्षण नीटसे काही दिसत नाही. बाहेर विदर्भाचे पांढरेफटक ऊन, आत मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर. उजेड येतो तो बेताचा, दारा-खिडकीतून, तिरपा. डोळे सरावले म्हणजे मीराबेनने भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे हळूहळू दिसू लागतात. छायाचित्रकाराने हात टेकावेत अशीच ही जागा. १९३८ च्या सुमारास एका एकवीस वर्षांच्या तरुणाने कृत्रिम प्रकाशाचा किरणही न वापरता या परिसरात छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. कनू गांधी हे त्याचे नाव. नारणदास गांधींचा हा मुलगा, म्हणजे गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा. आश्रमातली पत्रव्यवहाराची व हिशेबाची कामे तो करीत असे.

चित्रपटातल्या कॅमेऱ्याच्या भाषेविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. प्रभातच्या ‘कुंकू’ (१९३७) मधला आरसा अनेकांनी वाचून दाखवला आहे. केशवराव दात्यांचे काकासाहेब त्या आरशात स्वतःचे वय पाहतात आणि आपल्याला त्यांचा संताप दिसण्याऐवजी त्यांचे एकाकीपण दिसते. स्थिरचित्राच्या वाट्याला मात्र असे वाचन फारसे येत नाही. त्याला आपण ‘दुर्मिळ’ म्हणतो, पुस्तकाच्या मधल्या गुळगुळीत पानांवर छापतो आणि पुढे जातो. कनू गांधींच्या छायाचित्रांचे बहुतांशी असेच झाले. ती घराघरांत पोचली, पण ती घेणाऱ्याचे नाव पोचले नाही. नझर फाउंडेशनने २०१५ मध्ये ‘कनूज् गांधी’ हा संग्रह काढला, तेव्हा कुठे ही छायाचित्रे एका व्यक्तीची निर्मिती म्हणून एकत्र पाहता आली.

कॅमेऱ्याची कथा आता बरीच परिचित आहे. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांनी कनूंना गांधीजींच्या दैनंदिन जीवनाची छायाचित्रे घेण्यास सुचवले. आश्रमाजवळ त्यासाठी पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. गांधीजींनी अटी घातल्या तीन : फ्लॅश वापरायचा नाही, कधीही ‘असे बसा, इकडे पाहा’ म्हणायचे नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. चरित्रकार या अटी गांधीजींच्या स्वभावाचा नमुना म्हणून सांगतात. आमचे म्हणणे असे, की या तीन अटींतूनच एक शैली घडली. ‘कुंकू’ने पार्श्वसंगीत नाकारले आणि त्यातून घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली; तसेच काहीसे इथे घडले.

फ्लॅश नाही याचा अर्थ तंत्राच्या भाषेत असा : भिंग जितके उघडेल तितके उघडायचे आणि शटर मंद ठेवायचे. त्या काळच्या मंद फिल्मवर कुटीतल्या प्रकाशात दुसरा मार्गच नव्हता. भिंग पूर्ण उघडले, की स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. एक चेहरा नाहीतर एक हात रेखीव येतो आणि मागचे-पुढचे धूसर होते. मंद शटरमुळे हलणारी बोटे पुसट होतात. आश्रमात गांधीजींच्या भोवती सतत माणसे असत : चिटणीस, रुग्ण, पाहुणे, पुढारी. अंधार या माणसांना गिळतो आणि उरते ती एक आकृती. गर्दीतून एकटा माणूस वेगळा काढण्यासाठी चित्रपटात जे योजनापूर्वक करावे लागते, ते इथे प्रकाशाच्या दारिद्र्याने केले.

दुसऱ्या अटीचा परिणाम अधिक खोल आहे. कुणी ‘इकडे पाहा’ म्हणत नसल्याने ही व्यक्ती आपल्याकडे बघत नाही. ती कागदाकडे, सुताकडे, रोग्याच्या पायाकडे पाहत असते. परचुरे शास्त्रींचे चित्र आठवावे. कुष्ठरोगाने ग्रासलेले हे संस्कृतचे विद्वान सेवाग्रामला आश्रयास आले आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करीत. १९४० च्या त्या छायाचित्रात गांधीजी त्यांच्यावर वाकलेले आहेत. कॅमेऱ्याची दखल दोघांपैकी कुणीच घेत नाही. प्रेक्षकाला आमंत्रण नसल्यामुळे प्रसंगाला प्रदर्शनाची कळा येत नाही. कादंबरीच्या अभ्यासकांना हे निवेदन ओळखीचे वाटेल : घरातच राहणारा, सगळे पाहणारा आणि स्वतःविषयी चकार शब्द न काढणारा निवेदक. महादेवभाईंच्या दैनंदिनीतला ‘मी’ साधारण याच जातीचा.

रोलायफ्लेक्सची घडणही या निवेदकाला साजेशी. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो, तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. त्या काचेत प्रतिमा सुलट असते, पण डावे-उजवे बदललेले असते. म्हणजे छायाचित्रकार समोरच्या माणसावर नजर रोखत नाही, तो जणू नमस्काराला वाकलेला असतो. जमिनीवर बसण्याच्या घरात कॅमेराही बसलेल्याच्या छातीइतक्या उंचीवर येतो. म्हणून या चित्रांत गांधीजींकडे वरून पाहिल्याचे फारसे जाणवत नाही, आणि पुतळ्याकडे पाहावे तसे खालूनही नाही. भिंग एकच, जवळ-दूर करण्याची सोय नाही. जवळचे चित्र हवे तर माणसाने जवळ जावे लागते, आणि तितके जवळ जाण्याची मुभा कनूंना होती. रोलवर चित्रे बाराच आणि खर्च ज्याचा त्याने करायचा. तेव्हा तिसऱ्या अटीने वाट पाहणे शिकवले.

१९४६ मध्ये पुण्याला मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेले चरख्यामागच्या गांधीजींचे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्यांनाही अटी होत्याच : आधी सूत कातायला शिका, बल्ब तीनच वापरा. दोन वाया गेले, तिसऱ्याने चित्र दिले. रचना इतकी बांधेसूद, की चरखा पुढे, माणूस मागे, आणि अर्थ तयार. ते चित्र महान आहे याबद्दल दुमत नाही. पण त्यात प्रतीक आधी दिसते आणि माणूस मागून. कनूंच्या एका चित्रात सेवाग्रामच्या उन्हाळ्यात गांधीजींनी डोक्यावर उशी घेतली आहे. हे चित्र कोणत्याही चळवळीच्या भिंतीपत्रकाला चालणारे नाही. मात्र वर्ध्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला ते पाहताक्षणी पटेल.

इथे मराठीतल्या दोन शब्दांचा आधार घ्यावासा वाटतो : एकांत आणि एकटेपण. पहिला आपण निवडतो, दुसरे वाट्याला येते. सुरुवातीच्या चित्रांत आम्हाला एकांत दिसतो. सोमवारचे मौन पाळणारा, चिठ्ठीवर लिहून बोलणारा, भोवतीच्या गडबडीत स्वतःत राहू शकणारा माणूस. पुढे १९४२ च्या ११ फेब्रुवारीला वर्ध्यात जमनालाल बजाज गेले; ज्यांच्या आग्रहाने गांधीजी या जिल्ह्यात आले, तेच गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसमधल्या स्थानबद्धतेत महादेवभाई गेले, आणि १९४४ च्या २२ फेब्रुवारीला तिथेच कस्तुरबा. सुटकेनंतरच्या चित्रांत चौकट तीच, वाकलेली मान तीच. तरी आम्हाला ती वेगळी भासतात. आगगाडीच्या खिडकीतून हरिजन निधीसाठी बाहेर आलेला हात पाहताना फलाटावरची गर्दी आणि डब्यातला माणूस यांतले अंतरच अधिक जाणवते. तारखा ठाऊक असल्याने आपण दुःख चित्रात वाचतो, असा आक्षेप इथे घेता येईल. तो अंशतः खरा आहे. पण चेहऱ्यावर काही ‘दाखवलेले’ नसेल तरच असे वाचन शक्य होते, आणि ती मोकळीक दुसऱ्या अटीने दिली आहे.

कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी कनूंना आगाखान पॅलेसमध्ये येऊ दिले गेले होते. शेवटच्या घटकांत कस्तुरबांचे डोके गांधीजींच्या मांडीवर होते, आणि त्या वेळी गांधीजींनी चित्र घेऊ नकोस असे सांगितले. कॅमेरा जवळ असून न घेतलेले हे चित्र इतर चित्रांइतकेच या संग्रहाचा भाग आहे, असे आम्ही मानतो. साहित्यात गाळलेल्या प्रसंगाला जे वजन असते, ते इथे आहे. इतके दिवस जे सर्व पाहू दिले गेले, ते का पाहू दिले गेले, याचा उलगडाही इथेच होतो. सेवाग्रामच्या त्या कुटीत खासगी असे फारसे काही नव्हते. जे होते त्याची मर्यादा या एका नकाराने आखून दिली.

गांधीजींनी १९४६ च्या ऑगस्टमध्ये सेवाग्राम सोडले ते कायमचे, आणि त्याच वर्षी नोआखालीला गेले. कनूही तिथल्या गावांत कामाला लागले आणि गांधीजी परतल्यावरही तिथेच राहिले. १९४८ च्या ३० जानेवारीला दिल्लीत आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपला छोटा लायका घेऊन बिर्ला भवनात येऊन गेले होते. प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींच्या एका बाजूला मनू होत्या, दुसऱ्या बाजूला आभा, कनूंच्या पत्नी. कनू तेव्हा नोआखालीत होते.