फुलावरचा पहारा

चैत्राच्या पहाटे गोंदिया जिल्ह्यातल्या रानात शिरावे. मोहाखाली पांढुरक्या, रसरशीत फुलांचा सडा पडलेला असतो आणि आयाबाया टोपल्या घेऊन वेचीत असतात. ताजे फूल तोंडात टाका: आधी गोडवा, मग किंचित उग्र वास. वाळले की ते मनुकेसारखे होते. अडीनडीला घर त्यावर जगते, आणि त्याचीच दारूही गाळतात. पहिल्या धारेची जळजळीत, मागे तोच रानगंध.

हेच फूल एकदा संशयित ठरले होते. आपला मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता. ही गोष्ट पश्चिमेची. चोरट्या दारूने अबकारीचे उत्पन्न बुडते म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला. फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. सरकारला फुलात दारू दिसली, रानातल्या माणसाला जेवण.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. पण घरापुरता द्राक्षरस करण्याची मुभा राहिली. म्हणून कॅलिफोर्नियात झिनफँडेल नावाच्या काळ्या द्राक्षाचे कित्येक जुने वेल तगले. म्हातारा वेल फळ थोडे देतो, पण त्याच्या लाल वाइनला पिकल्या फळांचा नि मिऱ्यांचा दाट स्वाद असतो, असे जाणकार सांगतात.

तेथे कायद्याने घराचा उंबरठा ओळखला. येथे टोपलीवर पहारा बसला. वाचकहो, कायदा करणाऱ्याने एक पहाट तरी मोहाखाली बसून काढायला हवी होती!