सायकलवरून द्राक्षपट्टा : नाशिक जिल्ह्यातले शांत रस्ते, जुनी गावं आणि गावकऱ्यांच्या कामाची माहिती

नाशिक : रविवारी सकाळी हेल्मेट घातलेली दहा-पंधरा सायकलवाली मंडळी आपल्या गावावरून जाताना आता कुणाला नवल वाटत नाही. नाशिकमध्ये सायकलचं वेड तसं जुनं. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून ते आणखी वाढलं. शहरातली ही मंडळी हायवे सोडून दिंडोरी, गिरणारे, इगतपुरीकडे वळतात, कारण तिकडे चढउतार आहेत, द्राक्षबागा आहेत आणि गाड्या कमी आहेत.

पण वाईनरीच्या गेटवर पैसा खर्च होतो आणि मधल्या गावात मात्र चहासुद्धा घेतला जात नाही, असंही बऱ्याच ठिकाणी दिसतं. म्हणून ही माहिती दोघांसाठी : सायकल चालवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या गावातून रस्ता जातो त्यांच्यासाठी.

आधी द्राक्षपट्टा समजून घ्या

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. थंडीत रात्री गार आणि दिवसा ऊन, त्यात पाण्याचा निचरा होणारी उताराची जमीन. हे हवामान द्राक्षाला मानवतं. पाण्याची सोय धरणांनी केली : गोदावरीवर गंगापूर, आणि दिंडोरी तालुक्यात करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड. वाईनसाठीच्या लागवडीला जोर आला तो १९९० च्या दशकाच्या शेवटी, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणल्यानंतर. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

मात्र रस्त्याने दिसणारी प्रत्येक बाग वाईनची नसते. बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षाच्याच : थॉमसन, सोनाका, शरद. ओळखायची खूण सोपी आहे. खाण्याच्या द्राक्षाचा वेल मांडवावर किंवा 'वाय' सांगाड्यावर पसरलेला असतो, मणी मोठा आणि बिनबियांचा. वाईनची बाग बऱ्याचदा उभ्या तारांवर, कुंपणासारखी ओळीत असते. मणी बारीक, साल जाड, आत बी. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां ही त्यांची नावं.

यात सगळं गोड घडलं असंही नाही. २००८ च्या मंदीनंतर वाईनची मागणी पडली, माल उचलला गेला नाही आणि करारावर लागवड केलेल्या अनेक शेतकऱ्यांनी बागा तोडून टाकल्या. रस्त्यावरून छान दिसणाऱ्या बागेमागे हा हिशोबही आहे, हे पाहुण्यांनी लक्षात ठेवावं.

कोणते रस्ते धरावेत

१) गंगापूर – सावरगाव – गंगावऱ्हे (सोपा ते मध्यम)
नाशिकहून गंगापूर रोडने सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन आणि पुढे सावरगावकडे. डोंगर, धरणाचं पाणी आणि बागा एकत्र दिसतात. जिल्ह्यातल्या सगळ्यात माहितीतल्या वाईनरी याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी दुपारनंतर चारचाकींची रांग लागते. सायकलवाल्यांनी सकाळी नऊच्या आत परत फिरावं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी हाच रस्ता एकदम निवांत असतो.

२) गंगापूर – दुगाव – गिरणारे (मध्यम)
गिरणारे हे टोमॅटोच्या बाजाराचं गाव. द्राक्षाच्या हंगामात हरसूल, पेठ, सुरगाणा भागातले आदिवासी मजूर इथे कामासाठी येतात. बागेतली छाटणी, विरळणी, काढणी त्यांच्याच हातांनी होते. इथे थांबून नाश्ता करा, गर्दीचे फोटो मात्र विचारूनच काढा. पुढे वाघेरा घाटातून हरसूलकडे जाणारा रस्ता चढाचा आणि झाडीचा आहे. तयारी असलेल्यांनीच तो घ्यावा.

३) म्हसरूळ – दिंडोरी – मोहाडी – जानोरी (मध्यम, पूर्ण फेरी)
म्हसरूळला चामरलेणीचा डोंगर आहे, जैन बांधवांचं गजपंथ तीर्थ. तिथून दिंडोरी रोडने ढकांबे, तळेगाव करत दिंडोरी. नाशिकपासून सुमारे २५ किलोमीटर. हा टप्पा वर्दळीचा आहे. खरी मजा दिंडोरीहून मोहाडीकडे वळल्यावर सुरू होते : दोन्ही बाजूंनी बागा, मधे ओहोळ आणि छोटे चढ. शेतकऱ्यांच्या मालकीची 'सह्याद्री फार्म्स' ही कंपनी मोहाडीचीच. पुढे जानोरी, मग दहाव्या मैलाला मुंबई-आग्रा महामार्ग लागतो. शेवटचा टप्पा सर्व्हिस रोडने काढा.

४) आशेवाडी – रामशेज (छोटा)
पेठ रोडने शहरापासून साधारण १४-१५ किलोमीटर. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा रामशेज किल्ला इथेच. आशेवाडी हे पायथ्याचं गाव. सायकल गावात ओळखीच्या घरी लावा आणि गडावर पायी जा. पेठ रोडवर गुजरातकडे जाणारे ट्रक असतात, म्हणून पहाटेच निघा.

५) घोटी – कावनई – वैतरणा – त्र्यंबक (अवघड, देखणा)
इगतपुरी तालुक्यातला हा भाग म्हणजे भाताची खाचरं, धरणाचं पाणी आणि मधेच एखादी द्राक्षबाग. कावनईला किल्ला आणि कपिलधारा तीर्थ आहे. कावनई, सांजेगाव भागात वाईनरीही आहेत. पावसाळ्यात हिरवंगार असलं तरी धुकं आणि निसरडा रस्ता धोक्याचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

६) चांदोरी – सायखेडा – नांदूरमध्यमेश्वर (सपाट, नवख्यांसाठी)
डोंगर नाही, पण गावं जुनी. चांदोरीला गोदावरीच्या पात्रात दगडी मंदिरं आहेत, पाणी उतरलं की ती उघडी पडतात. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र. थंडीत पक्षी भरपूर. खाणगाव थडीहून ते जवळ पडतं.

कधी जावं

ऑक्टोबर छाटणीनंतर दिवाळीच्या सुमारास बागा फुटतात. जानेवारी ते मार्च घड दिसतात आणि काढणी चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा बागा उघड्या आणि ऊन कडक. सायकलसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला.

सायकलवाल्यांनी काय पाळावं

• फवारणी चालू असेल तर थांबा. नोव्हेंबर-डिसेंबरात डाऊनी आणि भुरीसाठी ब्लोअर रोज चालतात. आवाज आला की वारा कुठे वाहतोय ते बघा, तोंडाला रुमाल बांधा आणि ट्रॅक्टर पुढे गेल्यावरच निघा.
• घडाला हात लावू नका. निर्यातीच्या बागेत एकेका घडाचा हिशोब असतो, आणि औषध मारलेलं द्राक्ष न धुता खाणं तुमच्याही पोटाला बरं नाही.
• हंगामात क्रेट भरलेल्या पिकअप घाईत असतात. वळणावर जोडीने चालवू नका.
• वाईन चाखायची असेल तर तो दिवस सायकलचा नाही. पिऊन चालवायचं नाही म्हणजे नाही.
• पाणंद रस्त्यावर बाभळीचे काटे असतात. जादा ट्यूब आणि पंप जवळ ठेवा.
• अंधार पडायच्या आत परत या. उसाच्या आणि मळ्यांच्या भागात बिबट्या फिरतो. एकटं-दुकटं जाऊ नका.

गावकऱ्यांना यातून काय मिळू शकतं

सायकलवाला दर तासा-दीड तासाला थांबतो. त्याला पाणी, चहा, पोहे किंवा मिसळ, सावली आणि स्वच्छ संडास लागतो. पाचपैकी चार गोष्टी गावात आधीच असतात. अडतं ते संडासावर, आणि बायका-मुली असलेला गट त्यामुळेच गावात थांबत नाही. ग्रामपंचायतीने एसटी थांब्याजवळचं किंवा मंदिराजवळचं शौचालय सकाळी उघडं आणि धुतलेलं ठेवलं तरी फरक पडेल.

पंक्चरवाल्याने सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला हवा भरायचं अडॅप्टर ठेवावं. ते स्वस्तात मिळतं. बचत गटांना घरचे बेदाणे, शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचे पदार्थ छोट्या पाकिटात विकता येतील. मोठं पाकीट सायकलवर नेता येत नाही. ज्यांच्याकडे मळ्यात दोन खोल्या मोकळ्या आहेत, त्यांना २०२० च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. दर आधीच पाटीवर लिहा. पाहुणा बघून भाव बदलला की तो गट परत येत नाही, आणि दुसऱ्यालाही सांगतो.

शिवाररस्ता रुंद करून त्यावर वाहनं वाढवायची की तो दुरुस्त करून शांत ठेवायचा, हा प्रश्न काही गावांत लवकरच ग्रामसभेत येईल. शेतमाल बाहेर काढायला रस्ता चांगला हवाच. पण खड्डे बुजवणं, वळणावरची झुडपं काढणं, शाळेजवळ गतिरोधक टाकणं एवढ्यानेही शेतकरी, शाळेची पोरं आणि सायकलवाले या सगळ्यांचं काम भागतं. आपल्याच गावातली पोरं सायकलवर याच रस्त्याने शाळेत जातात. त्यामुळे ग्रामसभेत हा विषय आला तर त्यांच्या बाजूनेही बोला.

फोनमध्ये सेव्ह करा : रुग्णवाहिका १०८, पोलीस व आपत्कालीन मदत ११२, बिबट्या किंवा जखमी वन्यप्राणी दिसल्यास वन विभाग १९२६.