सायकलच्या चाकातला ताण

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक. दोन्ही गोल, दोन्हींच्या मध्यभागी तुंबा आणि भोवती आरे. पण दोघांचे काम अगदी उलट रीतीने चालते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल बरे?

गाडीचा भार आसावरून तुंब्यावर येतो, आणि तुंबा त्या क्षणी जो आरा खाली असेल त्याच्यावर उभा राहतो. आरा खांबासारखा दाबला जातो, म्हणून तो जाड लाकडाचा लागतो. सायकलचा आरा म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीची तार. सुटी तार जमिनीवर टेकवून वरून दाबली तर ती लगेच वाकेल. मग अशा तारा माणसाचे आणि पाठीमागच्या पोत्याचे ओझे पेलतात कशा?

त्याचे उत्तर असे की, तार दाबाला कच्ची, पण ओढीला मोठी चिवट. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक सुतळी घेऊन हे दाखवावे. सुतळी ढकलली तर दुमडते. ताणली तर तिला दप्तर टांगता येते.

हा विचार इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्याचे सर जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या वहीत लिहून ठेवला. त्यांना उडते यंत्र करायचे होते आणि त्यासाठी हलके चाक हवे होते. लाकडी आऱ्यांऐवजी घट्ट ताणलेल्या दोऱ्या लावाव्यात, असे त्यांनी सुचवले. सायकलपर्यंत हा विचार पोचायला मात्र साठ वर्षे लागली. तोवरच्या सायकलींना गाडीसारखीच लाकडी चाके असत, आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले.

पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, कॉव्हेंट्री गावच्या जेम्स स्टार्ली यांनी विल्यम हिलमन यांच्या जोडीने ‘एरियल’ नावाच्या सायकलचे पेटंट घेतले. स्टार्ली हे शेतकऱ्याचे चिरंजीव. शिवणयंत्रांच्या धंद्यातून सायकलीकडे वळलेले. त्यांच्या चाकात तुंब्याला एक दांडा जोडला होता. तो दांडा फिरवून कसला की तुंबा जरासा वळे आणि सगळ्या तारा एकदम आवळल्या जात. युक्ती नामी खरी, पण हा ताण सरसकट. एखादीच तार सैल असेल तर तिला एकटीला त्या दांड्याने ताणता येत नसे.

शिवाय दुसरी एक अडचण होती. तारा तुंब्यातून सरळ बाहेर निघत. पायाने जोर दिला की तुंबा आधी फिरे आणि कड मागे राही. १८७४ मध्ये स्टार्लींनी तारा तिरप्या लावल्या. काही पुढे ओढणाऱ्या, काही मागे, एकमेकींना छेदून जाणाऱ्या. आजही आपल्या सायकलीत हीच रचना दिसते, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला कसायला तिचे स्वतःचे निपल असते.

आता चाक उभे कसे राहते ते पाहा. सगळ्या तारा आधीच ताणलेल्या असतात. ओझे आले की खालच्या चार-दोन तारांचा ताण थोडा कमी होतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. खालची तार पुरती सैल पडली नाही तोवर चाक भक्कम. एखादी तार मुळातच ढिली असेल, तर तिचा भार शेजारणींवर पडतो. प्रत्येक फेऱ्याला हिसके बसून, तुंब्याजवळच्या वाकणात, तार एक दिवस तुटते.

म्हणून नुसता चाकाचा आऊट काढला म्हणजे काम झाले, असे समजू नये. एक तार फार कसलेली आणि तिची शेजारीण ढिली, असे असूनही कड सरळ दिसू शकते. डोळा तिथे फसतो. कान फसत नाही. प्रत्येक तार बोटाने छेडावी. आवाज बारीक आला तर ताण जास्त, बसका आला तर कमी. सारख्या लांबीजाडीच्या तारांचा सूर सारखा लागला पाहिजे. तुलना मात्र एकाच बाजूच्या तारांची करावी. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या साखळीकडील तारा मुळातच अधिक ताणलेल्या असतात. निपल एकदम फिरवू नये. पाव-अर्धा फेरा द्यावा, चाक फिरवून पाहावे, पुन्हा ऐकावे. हल्ली ताण मोजण्याचे छोटे उपकरणही मिळते. ते तार किंचित वाकवते आणि ती किती वाकली यावरून ताण सांगते.

स्टार्ली १८८१ मध्ये वारले. १८८४ मध्ये कॉव्हेंट्रीने त्यांचे स्मारक उभारले. पण तालुक्याच्या शाळेला सायकलने जाणारी मुलगी आजही त्यांच्याच तिरप्या तारांवर जाते. त्या तारा महिन्यातून एकदा छेडून पाहायला पाच मिनिटे पुरतात. उतारावर चाक बसण्यापेक्षा ती पाच मिनिटे केव्हाही परवडली.