नगरचा समुद्र

नगर जिल्ह्याला समुद्र नाहीं, हें सांगावयास भूगोलाच्या पुस्तकाची गरज नाहीं. २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात तो हा जिल्हा ज्वारीचा, उंसाचा आणि दुष्काळाचा म्हणूनच महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु या जिल्ह्यासही एक किनारा आहे असें आमचें मत बनलें आहे. आणि तो पाहावयाचा तर भाद्रपदांत हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर जावें.

गड गांठण्यापूर्वीं आम्ही वाट वाकडी करून रंधा पाहिला. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा येथें सुमारें १७० फूट खोल उडी घेते. वरच्या अंगास १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण असल्यामुळें ही उडी आतां नदीच्या मर्जीपेक्षां पाटबंधारे खात्याच्या मर्जीवर अधिक अवलंबून असते. हें पाणी नेवाशाच्या बाजूस गोदावरीला मिळून पूर्वसमुद्रास जातें. कड्यावरचें पाणी मात्र पश्चिमेकडे झेपावतें. पण तें खालीं पोंचेलच असा नेम नाहीं. कोंकणांतून चढणारा वारा त्या धारा उचलून पुन्हा आमच्याच अंगावर फेंकीत होता. जवळच घाटघर येथें २००८ पासून पाणी बोगद्यानें कोंकणांत सोडून वीज करतात, आणि विजेची मागणी उतरली कीं तेंच पाणी यंत्रांनीं वर चढवितात. वाऱ्याचा हा जुना खेळ स्थापत्यशास्त्राला उशिरां साधला, इतकेंच.

त्याच वाऱ्यानें घाटघरास वर्षाकाठीं दोनशें इंचांच्या घरांत पाऊस पडतो, आणि शंभर मैलांच्या आंत असलेल्या नगर शहरास वीस-बावीस इंचांवर समाधान मानावें लागतें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रेडवुड नांवाचे तीनशें फुटांहून उंच वृक्ष आहेत. तेथील कोरड्या उन्हाळ्यांत समुद्रावरून शिरणारें धुकेंच त्यांची तहान भागवितें. आमचीं हिरड्याचीं आणि जांभळीचीं झाडें त्यांच्या गुडघ्यालाही लागावयाचीं नाहींत. माथ्यावरचीं तर वाऱ्याच्या माऱ्यानें खुजींच राहिलीं आहेत, आणि उतारावर सारें कारवीचें रान. तरी दोन्ही अरण्यांचा पोशिंदा समुद्रच. त्यांतला हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्यांना हें सांगावयास आमची जरूर नव्हती.

या कड्याशीं एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचें नांव जोडलेलें आहे. कर्नल साइक्स यानें १८३५ सालीं येथें पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिलें, असें प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि प्रवासवर्णनांतूनही तेंच छापलें जातें. सकाळीं सूर्य पाठीशीं आणि दरींत धुकें असलें, तर त्या धुक्यावर आपली छाया पडून तिच्याभोंवतीं रंगीत कडें उमटतें; त्यांत खोटें कांहीं नाहीं. खोटें आहे तें साल. विल्यम हेन्री साइक्स याला मुंबई सरकारनें १८२४ सालीं दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमिलें होतें, आणि १८३१ सालीं तो स्वदेशीं परतलाही होता. १८३५ हें वर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचा दख्खनच्या हवामानावरील निबंध छापला गेला त्याचें. छापण्याचें साल पाहण्याचें साल होऊन बसलें.

साइक्सच्या सालाची चूक क्षुल्लक आहे. तिच्याहून मोठी एक चूक आमच्या हातून पुष्कळ वर्षें होत आली, आणि तिचें भान आम्हांस या कड्यावरच झालें. वर्गांत आम्ही अहमदनगरची निजामशाही शिकवीत आलों ती भुईकोट किल्ल्याच्या तटाआंतून. १४९० चें मलिक अहमदाचें स्वातंत्र्य, १५६५ ची तालीकोट, १५९५-९६ च्या वेढ्यांतली चांदबिबी, मग मलिक अंबर, झाला अभ्यासक्रम. परंतु त्या राज्याची हद्द या कड्यापाशीं संपत नव्हती. खालच्या कोंकणांतही त्याचा अंमल होता, आणि त्याचें मोठें बंदर म्हणजे चौल.

या बंदराची आणि घाटमाथ्याची ओळख निजामशाहीहून जुनी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियन व्यापारी अफानासी निकितीन एक घोडा घेऊन चौलास उतरला, घाट चढून जुन्नरास आला, आणि सारा पावसाळा तेथल्या चिखलांत अडकून पडला. पुढें गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही व चिकित्सक झाला. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या त्याच्या औषधींवरील ग्रंथांत या राजाची आठवण येते. समुद्र नगरच्या दरबारापर्यंत पोंचला होता. दरबार समुद्रापर्यंत पोंचला काय, हा प्रश्न निराळा.

१५०८ सालीं चौलच्या खाडींत इजिप्तचें आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनीं पोर्तुगीजांचा पराभव केला आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. बंदर निजामशहाचें, आरमार परक्यांचें! १५२१ सालीं बुऱ्हाणनें पोर्तुगीजांस रेवदंड्याच्या बाजूस पाय रोवूं दिले. घोड्यांचा व्यापार त्यांच्या मुठींत असल्यामुळें त्यांना दूर ठेवणें परवडणारें नव्हतें. १५७० सालीं मात्र विजापूरकरांनीं गोव्यास आणि मुर्तजा निजामशहानें चौलास वेढा घातला. पोर्तुगीज लेखक नगरच्या फौजेचा आंकडा लाखावर नेतात; अर्धा धरला तरी पुरे. तोफा ओतण्याची विद्याही नगरास होती; प्रसिद्ध मुलूखमैदान १५४९ सालीं तेथेंच ओतलेली. तरी महिन्यामागून महिने झुंजून १५७१ च्या पावसाळ्यांत तह करावा लागला. नगरांत वाढलेला इतिहासकार फेरिस्ता याचा दोष सरदारांवर ठेवतो: ते पोर्तुगीजांकडून नजराणे, विशेषतः मद्य, घेऊन रात्रीं आंत रसद पोंचवीत. असेलही. फितुरीनें पराभवाची उपपत्ति लावणें आमच्या इतिहासलेखनास नेहमींच सोपें गेलें आहे. परंतु चौथ्या अंगास समुद्र होता, तिकडून गोव्याची कुमक येत होती, आणि ती अडवील असें आरमार नगरच्या राज्यानें कधीं उभारलेंच नव्हतें. १५९४ सालीं खाडीपलीकडच्या कोर्लईच्या टेंकडीवर बांधलेला कोटही त्यानें गमावला.

शेवट घाटाखालींच झाला. शहाजीराजांनीं १६३३ च्या सुमारास संगमनेरजवळ पेमगिरीवर एका बालकास निजामशहा म्हणून बसविलें. (लोक हल्लीं पेमगिरीस जातात ते बहुधा तेथला अवाढव्य वड पाहावयास.) १६३६ सालीं त्याच शहाजीराजांना कोंकणांतल्या माहुली किल्ल्यावर शरण जावें लागलें, आणि निजामशाही कोंकण विजापूरकरांस गेलें. एकवीस वर्षांनीं, १६५७ सालीं, त्यांच्या पुत्रानें कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडींत गलबतें बांधावयास काढलीं. माहुलीच्या वेळीं तो अवघा सहा वर्षांचा होता.

महिन्याभरानें आम्ही रेवदंड्यास गेलों. काळसर वाळूचा लांब किनारा, त्यालगत पोर्तुगीजांचा ढासळता तट, आणि तटाच्या आंत नारळी-पोफळींच्या वाड्या. सातखणी म्हणतात त्या मनोऱ्याचे सातही खण आतां उरलेले नाहींत. नगरच्या फौजेनें जेथें महिनोन्महिने तळ दिला त्या बाजूस आम्ही बराच वेळ हिंडलों. पाटी नाहीं, दगड नाहीं. ओहोटी लागली होती. कोर्लईच्या टेंकडीखालून मच्छीमारांच्या होड्या खाडींत शिरत होत्या.