मुंबईत उतरायचे कुठे? : एका प्रश्नाचा इतिहास

परगावी जाणाऱ्या माणसाला मराठीत पहिला प्रश्न विचारला जातो तो 'उतरणार कुठे?' हा. या क्रियापदात प्रवासाचा जुना अनुभव साठलेला आहे. घोड्यावरून उतरणे, गाडीतून उतरणे, गलबतातून धक्क्यावर उतरणे आणि मग त्या गावी मुक्कामाला उतरणे या सर्व क्रियांना आपण एकच शब्द वापरतो. 'उतारू' हा शब्दही त्याच कुळातला. वाहनातून पाय जमिनीला लागणे आणि डोक्यावर छप्पर मिळणे या दोन घटना या भाषेने वेगळ्या मानलेल्या नाहीत.

मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात जाताना कोणत्या भागात उतरावे, हा प्रश्न आज बहुधा भाडे, अंतर आणि खिडकीतून दिसणारा समुद्र एवढ्यावर निकालात निघतो. तो प्रवासी-मार्गदर्शिकांचा विषय मानला जातो, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर कसकसे बदलत गेले हे पाहू लागले की दोन गोष्टी ध्यानात येतात. आपण शहरात कोणत्या वाटेने आलो यावर ते उत्तर अवलंबून होते. त्याहूनही अधिक, आपण कोण आहोत यावर ते अवलंबून होते. 'निवड' हा शब्द या प्रश्नाला फार उशिरा लागू झाला.

प्रथम वाटेचा विचार करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पुरा झाला आणि देशावरचा माणूस घाट न चढता-उतरता थेट मुंबईत येऊ लागला. याच दशकात किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होऊन युरोप जवळ आले. तटबंदी गेल्याने मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडच्या कडेला, आज ज्याला काळा घोडा म्हणतात त्या भागात, वॉटसन्स हॉटेल उभे राहिले. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला होता आणि त्याची रचना रोलंड मेसन ऑर्डिश यांची होती. अपोलो बंदरावर उतरणाऱ्या गोऱ्या प्रवाशाला ते चालत जाण्याच्या अंतरावर होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. तो खेळ पाहणारा प्रेक्षक कोण होता, हे मात्र हॉटेल कोणासाठी होते यावरूनच ठरत होते.

त्याच वर्षाच्या आरंभी मार्क ट्वेन मुंबईत आला होता. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात मुंबईच्या हॉटेलातील पहिल्या दिवसाचे वर्णन आहे. त्यातले कावळे वाचकांच्या लक्षात राहतात. त्याच प्रकरणात आणखी एक प्रसंग आहे. खोलीची व्यवस्था लावून देणारा एक धिप्पाड जर्मन गृहस्थ एका देशी नोकराच्या तोंडावर हाणतो. काय चुकले हे तो त्याला आधी सांगत नाही. नोकर निमूटपणे सोसतो. ट्वेनला त्या क्षणी आपले गुलामगिरीच्या राज्यातले बालपण आठवते. मुंबई पाहायला आलेल्या या लेखकाला हिंदुस्थानातील सत्तेचा पहिला पुरावा मिळाला तो कोणत्याही कचेरीत वा छावणीत नव्हे, आपल्या मुक्कामाच्या खोलीत. तो अन्यत्र उतरला असता तर त्याच्या ग्रंथाचे हे पान असे झाले नसते. लेखक कोठे उतरतो याचा त्याच्या लेखनाशी संबंध असतो तो असा.

१६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले. जमशेटजी टाटांना एका गोऱ्या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही कथा सर्वतोमुखी आहे. तिला भक्कम पुरावा नाही आणि अनेक अभ्यासक ती दंतकथाच मानतात. दंतकथेला मात्र स्वतःचे एक सत्य असते. ही कथा लोकांनी इतक्या सहज स्वीकारली, कारण दारात अडवले जाणे हा अनुभव त्या काळच्या हिंदी माणसाच्या ओळखीचा होता. ताज उभे राहिले तेव्हा त्याच्या समोर 'गेटवे' नव्हते, हेही लक्षात ठेवावे. पंचम जॉर्ज १९११ मध्ये तेथे उतरले आणि ते प्रवेशद्वार १९२४ मध्ये पुरे झाले. तोवर प्रवासी जहाजांचा ओघ बॅलार्ड पिअरकडे वळू लागला होता. बंदर सरकले तरी हॉटेले आपल्या जागी राहिली आणि कुलाबा हा 'पाहुण्यांचा भाग' म्हणून कायम झाला.

हा झाला किनाऱ्याचा एक तुकडा. समुद्रमार्गाने येणारे सगळेच अपोलो बंदरावर उतरत नव्हते. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले येथून येणारा कोकणी माणूस आगबोटीने यायचा आणि भाऊच्या धक्क्याला लागायचा. त्याला 'कोणत्या भागात उतरू' हा प्रश्न पडतच नसे. गावाची खोली ठरलेली असे. गिरणगावातल्या चाळीत एकाच गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली ती खोली. पाळीप्रमाणे कोणी कामावर, कोणी झोपलेला, आणि जेवण जवळच्या खानावळीत. या खानावळी बहुतांशी बायकाच चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले ते अशा बायकांना संघटित करण्यासाठीच. मुंबईच्या आतिथ्याचा इतिहास लिहिणारे ताजच्या घुमटाविषयी पुष्कळ लिहितात. गिरणी कामगाराला दोन वेळ जेवू घालणाऱ्या या बायकांना त्यात एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ.

गोमंतकीय ख्रिस्ती माणसाची व्यवस्था याहून अधिक बांधीव होती. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे 'कूड' होते. जहाजावरच्या नोकरीची वाट पाहणारा खलाशी आपल्या गावच्या कुडात उतरे. भिंतीकडेला सर्वांच्या पेट्या मांडलेल्या, एका बाजूस वेदी, भाडे नाममात्र, आणि गावच्या संताचा सण मुंबईतही साजरा व्हायचा. हजला निघालेल्या यात्रेकरूंसाठी क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मुसाफिरखाना होता. गुजराती व जैन यात्रेकरूंना माधवबाग, हिराबाग यांसारख्या जागा होत्या. त्या हिराबागेतूनच नाथूराम प्रेमी यांचे 'हिंदी ग्रंथ रत्नाकर' हे प्रकाशन चालत असे, हे हिंदीच्या अभ्यासकांस ठाऊक असेल. ज्या त्या समाजाने आपल्या माणसासाठी शहरात एक ओसरी राखली होती. त्यात जिव्हाळा होता यात शंका नाही. परंतु ओसरीला उंबरठाही होता आणि बाहेरच्याला तो ओलांडता येत नसे.

देशावरून येणाऱ्या मराठी मध्यमवर्गाचा मुक्काम बोरीबंदरपासून फार दूर नसे. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तेथे उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि तेथूनच त्यांची अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीकडे निघाली. एका भाड्याच्या खोलीतला मुक्काम राष्ट्राच्या इतिहासातला पत्ता झाला.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. ज्याला कोणतीच ओसरी नाही, त्याने कुठे उतरायचे?

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. हिंदू हॉटेलात आपल्याला जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. एका पारशी अतिथीगृहात त्यांनी पारशी नाव लावून खोली मिळवली. काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिन्यावर येऊन उभा राहिला आणि त्यांना जागा सोडण्यास सांगण्यात आले. त्यांनी एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारणा केली. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. अखेर एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. हा प्रसंग त्यांनी आपल्या इंग्रजी आत्मकथनपर टिपणांत स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो अनेक अभ्यासक्रमांतही आहे. शिकवताना आपण तो 'अस्पृश्यतेचा अनुभव' या शीर्षकाखाली शिकवतो. तो मुक्कामाच्या इतिहासातला प्रसंग म्हणूनही वाचला पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाजवळ पैसे होते, पद होते, नेमणुकीचा कागद होता. 'उतरणार कुठे?' याचे उत्तर तेवढे नव्हते.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे त्यात म्हटले होते. महाडच्या चवदार तळ्याच्या संदर्भात हा ठराव आपण नेहमी आठवतो. त्या यादीत 'धर्मशाळा' हाही शब्द होता, याकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांच्याबरोबर हॉटेलांचाही नावानिशी उल्लेख केला आणि धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणासही मज्जाव करता येणार नाही असे ठरवले. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात 'हॉटेल' हा शब्द का यावा, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला बडोद्याची ती संध्याकाळ सांगावी.

स्वातंत्र्यानंतर वाटा पुन्हा बदलल्या आणि मुक्कामाचे भागही. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले होते. पुढे विमानतळ सांताक्रूझला स्थिरावला आणि १९६० च्या दशकापासून जुहूच्या वाळूवर हॉटेले उभी राहू लागली. समुद्र बुजवून केलेल्या नरिमन पॉइंटवर १९७० च्या दशकात उंच हॉटेले आली. दोन्ही लोहमार्ग जेथे जुळतात त्या दादरला स्थानकालगत लॉजेस झाली आणि गावाकडून परीक्षेला, मुलाखतीला, इस्पितळाला येणारा मराठी माणूस तेथे उतरू लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. ज्या परळात गावकीच्या खोल्या होत्या तेथे पंचतारांकित हॉटेले दिसू लागली. कोकणच्या आगबोटी थांबल्या. १९९५ नंतर हजची जहाजेही मुंबईतून जाईनाशी झाली. वॉटसन्सची इमारत जीर्ण होऊन २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली. बंदर होते म्हणून जे मुक्काम घडले, त्यांतले पुष्कळसे बंदराबरोबरच ओसरले.

मग आज साहित्याच्या विद्यार्थ्याने चार दिवसांसाठी मुंबईत जाताना कुठे उतरावे? काम एशियाटिक सोसायटीत किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असेल तर फोर्ट वा बोरीबंदर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात असेल तर दादर, हे उघड आहे. परंतु शहर वाचायचे असेल तर माझे मत गिरगाव-धोबीतलावच्या बाजूने पडते. तेथून एका दिशेला चालत क्रॉफर्ड मार्केट, सरदारगृह व मुसाफिरखाना, दुसरीकडे माधवबाग व हिराबाग, खाली काळा घोडा आणि समोर चौपाटी गाठता येते. या लेखात आलेल्या बहुतेक साऱ्या ओसऱ्या आणि उंबरठे तासाभराच्या चालण्यात दिसतात. समुद्र दिसणारी खोली मिळाली नाही तरी बिघडत नाही, समुद्र पायी दहा-पंधरा मिनिटांवर असतो.

खोली घेताना आपण नाव, गाव, ओळखपत्र देतो आणि किल्ली घेतो. त्या नोंदवहीत नाव लिहिताना ते बदलावे असे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात येत नाही. आडनाव ऐकून 'खोली रिकामी नाही' असे उत्तर मिळणारे, एकटी बाई म्हणून चार प्रश्न अधिक विचारले जाणारे लोक आजही आहेत, आणि भाड्याने घर शोधताना तर हा अनुभव अधिकच येतो. ज्यांना तो आलेला नाही, त्यांनी आपली निवड ही मोठी कमाई आहे आणि ती आपल्या आधीच्यांनी मिळवून दिलेली आहे, एवढे त्या नोंदवहीवर सही करताना आठवावे.