कुठे उतरलात? : परक्या शहरातील पहिल्या मुक्कामाचा इतिहास

परगावाहून आलेल्या माणसाला ‘कुठे राहिलात?’ असे मराठीत पूर्वी क्वचितच विचारीत, ‘कुठे उतरलात?’ असे विचारीत. गाडीतून, पडावातून किंवा घोड्यावरून खाली येणे आणि परक्या गावी आसरा घेणे या दोन्ही क्रियांना भाषेने एकच क्रियापद दिले आहे. जणू पाय जमिनीला लागण्यापूर्वीच पाठ कोणत्या छपराखाली टेकायची हे ठरलेले असावे. शब्दांच्या आधारे समाजाचा इतिहास रचण्यातले धोके आम्ही जाणतो. तरीही हा प्रश्न हाताशी धरून गेल्या दीडशे वर्षांकडे पाहिले, तर मोठ्या शहरात प्रथमच येणारा मराठी माणूस आपल्या मुक्कामाची ‘निवड’ करीत असे, हे म्हणणे फारसे टिकत नाही. निवड बहुधा आधीच झालेली असे. ती कोणी केली आणि ज्याच्यासाठी ती कोणीच केलेली नव्हती त्याचे काय झाले, एवढाच या लेखाचा विषय.

रेल्वेपूर्व काळात सामान्य माणूस दूरच्या मोठ्या गावी जाई तो मुख्यतः यात्रेला. काशी, प्रयाग, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे उतरण्याचे ठिकाण शोधावे लागत नसे, कारण ते यात्रेकरूच्या पणजोबाने ठरवून ठेवलेले असे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाची, गावाची, आधी येऊन गेलेल्या पिढ्यांची नोंद असे. नाव-गाव सांगितले की वही उघडली जाई आणि यात्रेकरू त्या घरचा होई. पंढरपुरात वारकऱ्याला त्याची दिंडी, फड वा मठ असे. या व्यवस्थेत आर्थिक शोषण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण परके गाव तिने ओळखीचे केले, हेही खरे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आसऱ्याची किल्ली पैशात नव्हती, वहीतल्या नावात होती.

मुंबईला अशी वही नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, भोर घाटाचा मार्ग खुला झाला आणि पुण्याकडचा माणूस थेट मुंबईत येऊ लागला. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले, हा योगायोग आम्हांला नेहमीच बोलका वाटतो. शहर इतके वाढले होते की त्याचे वर्णन करणारा ग्रंथ मराठीत लागावा. कोकणातला माणूस मात्र पुढेही दीर्घकाळ समुद्रमार्गेच येत राहिला, आधी पडावातून व नंतर आगबोटीतून. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या रहिवाशांपैकी ८० टक्क्यांहून अधिक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा होता. इतकी माणसे पहिल्या रात्री कुठे उतरली?

सधनांपुरता प्रश्न लवकर सुटला. काळा घोडा परिसरात ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेहून आणून उभारलेले वॉटसन हॉटेल होते. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारल्यामुळे जमशेटजी टाटांनी ताज बांधले ही आख्यायिका लोकप्रिय असली तरी तिला इतिहास मानण्याइतका आधार नाही. प्रतिष्ठित मराठी पाहुण्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा देहान्तही तेथेच झाला.

पण गिरणीत नोकरी मिळेल या आशेने वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या माणसाचा इतिहास या इमारतींत नाही. तो गावाच्या खोलीत आहे. घाटावरच्या मंडळींचे ‘गाळे’ आणि कोकणी कुणब्यांच्या ‘बैठकीच्या खोल्या’ या नावांनी ती ओळखली जाई. गिरणगावातल्या एखाद्या चाळीत एकाच गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने घेतलेली असे. तिच्यात वीस-तीस पुरुष राहात. म्हणजे त्यांच्या पेट्या तेथे राहात. माणसे पाळीनुसार झोपत. रात्रपाळीचा घरी येई तेव्हा दिवसपाळीचा आपली वळकटी गुंडाळून निघालेला असे. उरलेले गॅलरीत, जिन्याखाली, उन्हाळ्यात रस्त्यावर. जेवण शेजारच्या खानावळीत, आणि ही खानावळ बहुधा एखाद्या कामगाराची बायको आपल्या दहा फुटी खोलीत चालवीत असे. या बाईच्या श्रमांची दखल मराठी साहित्याने व इतिहासाने फार उशिरा घेतली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले तेव्हा कुठे या खानावळवाल्या ‘कामगार’ म्हणून दिसू लागल्या.

गावाहून निघणाऱ्या पोराला म्हणूनच मुंबईची माहिती लागत नसे. चाळीचे नाव आणि खोलीचा क्रमांक पाठ असला की पुरे. खोलीत पोचल्यावर त्याच्याकडून लगेच वर्गणी मागत नसत. नोकरी लागेपर्यंत गाव त्याला सांभाळी. नोकरीही पुष्कळदा त्याच धाग्याने लागे. गिरणीत भरती करणारा मुकादम आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसे पुढे करीत असे. म्हणजे जेथे उतरायचे तेथूनच खाते, पाळी, उधारी आणि आजारपणातली सोबत ठरत असे. ग्रामदेवतेच्या जत्रेची वर्गणी येथे जमे, गावातल्या भांडणांचे निवाडे येथे होत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला तेव्हा असंख्य कामगार गावी जाऊन तग धरू शकले, त्यामागेही हाच कधी न तुटलेला धागा होता. ‘मुंबईत गेला’ असे आपण म्हणतो. पण तो गावातच राहिला होता, फक्त गावाची एक खोली मुंबईत होती.

गोमंतकीय ख्रिस्ती समाजाने हीच रचना वेगळ्या रंगात उभी केली. धोबीतलाव आणि माझगाव भागांत गोव्याच्या खेड्याखेड्यांचे ‘कूड’ होते. कोकणीत कूड म्हणजे खोली. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मध्ये तेथे येऊन राही. भिंतीला पेट्यांची रांग, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे अनेक कूड होते. गाळा आणि कूड यांचा धर्म निराळा, भाषा निराळी, पण दारावरचा प्रश्न एकच : गाव कोणता?

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह साहित्यिकांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे. मात्र ‘गाव कोणता’ या प्रश्नाच्या पोटात ‘जात कोणती’ हा प्रश्न होता, हे विसरून चालणार नाही. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कष्टांच्या कथा आपण आदराने वाचतो. त्या खऱ्याही आहेत. परंतु सात वारांना सात घरे मिळण्यासाठी त्या घरांच्या पंक्तीत बसण्याचा जन्मसिद्ध अधिकार लागत असे. गरिबी सर्वांची सारखी होती; वार सर्वांना नव्हते.

स्त्रीचे काय? गाळा पुरुषांचा, कूड पुरुषांचा, खानावळीतला गिऱ्हाईकही पुरुषच. नातलगाचे घर सोडून एकटीने शहरात उतरण्याची कल्पनाच व्यवस्थेत बसत नव्हती. म्हणूनच पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले शारदासदन आम्हांला केवळ शाळा वाटत नाही. विधवेला उतरता येईल असे ते घर होते. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही कोकणातून भावाच्या आधाराने मुंबईत आलेली बालविधवा. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती बाया कर्वे झाली. तिचे ‘माझे पुराण’ आणि कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ ही दोन्ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सुचवू. राहायला जागा मिळणे आणि आयुष्याची दिशा बदलणे यांत किती थोडे अंतर असते, ते कळते.

आता ज्या प्रसंगाशिवाय हा इतिहास लिहिताच येणार नाही त्याकडे येऊ. स्थळ मुंबई नव्हे, बडोदा, वर्ष १९१७. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून परतलेले भीमराव आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. स्थानकावर उतरताच त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो हाच होता : जायचे कुठे? परदेशात असताना तो कधी पडला नव्हता. हिंदूंच्या खानावळी, ज्यांना तिकडे विशी म्हणत, तेथे जात लपविल्याशिवाय प्रवेश नव्हता, आणि उघडकीला आल्यावर काय होईल हेही ठाऊक होते. अखेर ते पारशांच्या सराईत गेले. ती केवळ पारशांसाठी होती. सांभाळणाऱ्यालाही गिऱ्हाईक हवे होते. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे या अटीवर जागा मिळाली. वरच्या मजल्यावर एकटाच मनुष्य, दिव्याचा अपुरा उजेड, अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. पहिल्याने नोकर काम सोडून जातील ही अडचण सांगितली; दुसऱ्याला पत्नीचा विचार घ्यावा लागणार होता. मग कामाठी बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

पुढे १९३० च्या दशकात आंबेडकरांनी ही हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्या आठवणींचे नाव. व्हिसा म्हणजे परदेशात शिरण्याचा परवाना. तो न्यूयॉर्कला आणि लंडनला मिळाला, बडोद्याला नाही. साहित्याच्या अभ्यासकाने येथे एक तपशील निरखावा. तीर्थक्षेत्रीच्या वहीत आपले खरे नाव सापडले की दार उघडे. सराईच्या वहीत खरे नाव लिहिले असते तर दार मिटले असते. दोन्हीकडे वहीच आहे, आणि दोन्हीकडे ती वंशच विचारते.

दलित आत्मकथनांत मुंबईचे जे चित्र येते ते म्हणूनच ‘चाळ’ साहित्यापेक्षा वेगळे आहे. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधली माणसे चाळीत आधीच स्थिरावलेली आहेत. त्यांची दुःखे बिऱ्हाड असणाऱ्यांची आहेत. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधला नागपाड्याजवळचा कावाखाना ही वस्तीही नात्यागोत्याने बांधलेली आहे, पण तेथे येणे म्हणजे शहराने उरवलेल्या जागेत येणे. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबई गाठणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांच्या लेखनात गिरणगावची वस्ती येते ती याच बाजूने.

ज्यांना उतरायला जागा नव्हती त्यांच्यासाठी ती बांधणारे लोक निघाले. आमच्या मते महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासाचे हे एक महत्त्वाचे आणि कमी वाचले गेलेले प्रकरण आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापासून सुरुवात केली. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहे झाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. शाळा काढणे पुरेसे नाही, खेड्यातून आलेला मुलगा रात्री कुठे झोपेल हे आधी पाहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. ही वसतिगृहे जातवार होती, आणि त्यावर टीकाही होते. आम्हांला वाटते, टीका रास्त असली तरी काळाचा क्रम उलटा लावणारी आहे. जे दार जातीने बंद होते ते जातीच्याच नावाने उघडावे लागले. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, तो त्यापुढचा टप्पा. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्या सभेचे संस्थापक आंबेडकर. बडोद्याच्या त्या प्रसंगाला तेव्हा आठ वर्षे होत आली होती.

२६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने हॉटेले व उपाहारगृहे सर्वांना खुली केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आला. कायद्याच्या भाषेत असे जुने शब्द सापडले की थांबून पाहावे. प्रत्येकामागे कोणी तरी दारातून परत गेलेले असते. भाड्याची खोली शोधणाऱ्याला आजही आडनाव विचारले जाते, ‘शाकाहारी का?’ असे विचारले जाते, आणि या दुसऱ्या प्रश्नाचा रोख कशाकडे असतो हे विचारणाराही जाणतो.

गाडगेबाबांनी स्वतःसाठी कधी घर बांधले नाही. धर्मशाळा मात्र बांधल्या. पंढरपुरात त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरलाही आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावरील उपचारासाठी देशभरातून येणारी माणसे आणि त्यांचे नातलग तेथे उतरतात. यांतल्या अनेकांची मुंबईची ही पहिलीच भेट असते. ज्यांना तेथे किंवा अन्यत्र जागा मिळत नाही, त्यांपैकी कित्येक जण रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून असतात. धर्मशाळेत त्यांच्याकडे गावचे नाव मागतात ते पत्त्यासाठी; प्रवेशासाठी दाखवावे लागतात ते रुग्णालयाचे कागद.